जन्म-मृत्यूची नोंद : हक्क की अडसर?

मे २०२५ मध्ये भारताच्या महानिबंधक कार्यालयाने २०२१ या वर्षाचा जन्म-मृत्यू नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या दिवसांत देशाचे सारे लक्ष सीमेवरील घडामोडींकडे लागले होते. त्यामुळे या अहवालाची व्हावी तितकी चर्चा झाली नाही. वास्तविक त्यातील आकडे कोणाही विचारी माणसाला अंतर्मुख करणारे आहेत. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख २० हजार मृत्यूंची नोंद झाली होती. २०२१ मध्ये तीच संख्या १ कोटी २ लाखांच्या पुढे गेली. एका वर्षात नोंदलेले मृत्यू सुमारे २१ लाखांनी वाढले. त्याच वर्षी कोरोनामुळे झालेले म्हणून जाहीर झालेले मृत्यू होते सुमारे ३ लाख ३० हजार.

ही सगळीच वाढ कोरोनामुळे झाली, असे आम्ही म्हणणार नाही. लोकसंख्या वाढते, नोंदणीचे प्रमाण सुधारते, आणि महामारीच्या काळात इतर आजारांवर वेळीच उपचार न मिळाल्यानेही अनेकांचे प्राण गेले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, तेव्हा भारत सरकारने त्या अंदाजाची पद्धतच अमान्य केली होती. आपल्या स्वतःच्या नोंदवह्यांचा हिशेब वेळेवर पुढे आला असता, तर या वादात उत्तर देणे सोपे झाले असते. तो हिशेब यायला चार वर्षे लागली. एवढ्या अवधीत अनाथ झालेली मुले शाळेच्या पुढच्या टप्प्यावर पोचली आणि विधवा झालेल्या भगिनी मदतीच्या अर्जांमागे फिरून थकल्या.

मृत्यूच्या कारणाची स्थिती तर याहून बिकट आहे. २०२१ मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २३ टक्क्यांना डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते. म्हणजे चारांपैकी तिघे कशाने गेले, हे शासनाला अधिकृतपणे ठाऊक नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात जवळपास प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला वैद्यकीय कारण जोडलेले असते. बिहार, झारखंड यांसारख्या राज्यांत हे प्रमाण फारच तुटपुंजे आहे. जिथे कारण कळत नाही, तिथे क्षयरोगाचे औषध किती पाठवावे, प्रसूतीगृह कोठे उभारावे, हे ठरवायचे तरी कशाच्या आधारे?

नोंदवहीचा वारसा

नोंद ठेवण्याची ही रीत ख्रिस्तसभेला परकी नाही. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर सोपवले. १६१४ च्या रोमन संस्कारग्रंथाने मृतांच्या नोंदींसह धर्मग्रामात कोणत्या वह्या असाव्यात, हे निश्चित केले. युरोपातील शासनांनी नागरी नोंदणी स्वतःच्या हाती घेतली ती पुष्कळ नंतर. फ्रान्समध्ये १७९२ साली, तर इंग्लंडमध्ये १८३७ साली. पोर्तुगालमध्ये १९१० च्या प्रजासत्ताकानंतर, म्हणजे १९११ मध्ये, नागरी नोंदणीचा कायदा झाला आणि पुढे तीच व्यवस्था गोव्यातही आली. त्याआधी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचा मुख्य पुरावा म्हणजे धर्मग्रामाची वही. आजही आजोबा-पणजोबांचा शोध घेणारे कितीतरी लोक त्या जुन्या वह्यांचाच आधार घेतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८६ मध्ये जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला. परंतु त्यातील नोंदणी बहुतांशी ऐच्छिक होती. स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये संसदेने जन्म-मृत्यू नोंदणी कायदा संमत केला आणि देशातील बहुतेक भागांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. तेव्हापासून प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद सक्तीची झाली. जन्म रुग्णालयात झाला तर रुग्णालयाच्या प्रमुखाने, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत निबंधकाला कळवावयाचे. आपल्या खेड्यांत हे काम ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणून ओळखतो ते करतात, तर शहरांत नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा आरोग्य विभाग. सार्वजनिक जागी टाकून दिलेले अर्भक सापडले, तर खेड्यात गावच्या प्रमुखाने आणि शहरात पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याची नोंद करवून घ्यावी, असेही हा कायदा सांगतो. ज्याला कोणीच आपले म्हटले नाही, त्यालाही कायद्याच्या वहीत जागा आहे, ही या तरतुदीची थोरवी आहे.

कायदा चांगला असला तरी त्याची अंमलबजावणी संथ राहिली. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील बालकांपैकी केवळ ४१ टक्के बालकांच्या जन्माची नोंद झालेली आढळली. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. रुग्णालयातील प्रसूती वाढल्या, आशा कार्यकर्त्या घरोघरी पोचल्या, शाळा व शासकीय योजना दाखला मागू लागल्या. या सर्वांचा हा परिणाम. पंधरा वर्षांत इतकी मजल मारणे ही लहान गोष्ट नव्हे. तिचे श्रेय अल्प मानधनावर पायपीट करणाऱ्या स्त्रियांना द्यावे लागेल.

मात्र याच आकड्यांत एक इशाराही दडलेला आहे. २००५-०६ मध्ये पाच वर्षांखालील असलेली ती मुले आज विशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी दहांतील सहांच्या जन्माची वेळेवर नोंद झालेली नव्हती. कोणी नोकरी शोधत आहे, कोणी लग्न करत आहे, कोणी परदेशी जाण्याची तयारी करत आहे. जन्माचा दाखला दाखवा, असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ते या पिढीला तिच्या पालकांच्या गरिबीचा आणि शासनाच्या त्या वेळच्या ढिलाईचा जाब विचारत असते.

२०२३ च्या दुरुस्तीने काय बदलले?

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने १९६९ च्या कायद्यात प्रथमच मोठी दुरुस्ती केली. ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीविषयी भाविकांमध्ये बरेच गैरसमज आहेत, म्हणून तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जाईल. शाळेतील प्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र आणि आधार या सर्वांसाठी तो लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पारपत्राच्या नियमांतही त्याप्रमाणे बदल करण्यात आला. त्यापूर्वी जन्मलेल्यांना मात्र ही सक्ती नाही. शाळा सोडल्याचा दाखला व इतर मान्य कागदपत्रे त्यांच्यासाठी पूर्वीप्रमाणेच चालतात. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी घाबरून दलालांच्या दारी जाण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी गोष्ट, देशभरातील जन्म-मृत्यूची माहिती एका राष्ट्रीय संग्रहात एकत्र होईल आणि केंद्र शासनाच्या संमतीने ती लोकसंख्या नोंदवही, मतदारयादी, आधार, शिधापत्रिका, पारपत्र, वाहन परवाना, मालमत्ता नोंदणी यांसारख्या इतर यंत्रणांना देता येईल. तिसरी गोष्ट, आई-वडिलांचा आणि माहिती देणाऱ्याचा आधार क्रमांक, तो असल्यास, नोंदवला जाईल. चौथी गोष्ट, दत्तक पालक, एकल माता किंवा पिता यांनाही आता नोंदणीची स्पष्ट वाट मिळाली आहे. आणि पाचवी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र रुग्णालयाने निबंधकाकडे पाठवावयाचे असून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकांना विनामूल्य द्यावयाची आहे.

यातील शेवटच्या दोन तरतुदींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. एकल मातेला आपल्या लेकराच्या दाखल्यासाठी अनोळखी माणसांसमोर आपली कहाणी सांगावी लागू नये, ही ख्रिस्ती करुणेला साजेशी गोष्ट आहे. एका सुरळीत दाखल्यामुळे दहा कागद गोळा करण्याचा त्रास वाचणार असेल, तर त्यातही लोकांचे हितच आहे.

वाट कोणाची अडते?

तरीही एक प्रश्न उरतो. आजवर नोंदणीकडे देशाची गणती आणि व्यक्तीचा हक्क या दृष्टीने पाहिले जात होते. आता तीच नोंद शाळेपासून नोकरीपर्यंतच्या प्रत्येक दाराची किल्ली झाली आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याची सोय झाली. ज्याच्या हाती ती नाही, त्याच्यासाठी सगळीच दारे एकाच वेळी बंद होण्याची भीती आहे.

वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, मासेमारीच्या बोटींवर कामासाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचा विचार करा. बाळ एका तालुक्यात जन्मते, आई-बाप दुसऱ्या जिल्ह्यात राबतात आणि मूळ गाव तिसरीकडेच असते. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करावी लागते. २१ दिवसांच्या मुदतीत हे जमले नाही, तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले, की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला यातील प्रत्येक पायरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली पहिली मुले २०२६ पासून बालवाडीच्या दारात येऊ लागतात. नव्या तरतुदीची खरी कसोटी इथून पुढे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्पष्ट सांगितले आहे, की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. २०२३ ची दुरुस्ती म्हणते, की प्रवेशासाठी वयाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागेल. या दोन तरतुदींचा मेळ कसा घालायचा, हे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत सांगायला हवे. तोवर आपल्या संस्थांच्या शाळांनी काय करावे? आमचे मत असे, की मुलाला आधी वर्गात बसवावे आणि मग त्याच्या दाखल्यासाठी पालकांना मदत करावी. कागदाची उणीव मोठ्यांनी भरून काढावयाची असते. तिची शिक्षा चार वर्षांच्या लेकराला देणे कोणत्याच न्यायात बसत नाही.

उशिराची नोंद आणि संशयाची छाया

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक वळण मिळाले. मालेगाव आणि इतर काही ठिकाणी खोट्या कागदपत्रांच्या आधारे उशिराचे जन्मदाखले दिले गेल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि उशिराच्या नोंदींची प्रमाणपत्रे देण्याचे काम थांबवले. मार्चमध्ये नव्या कार्यपद्धतीचा शासन निर्णय निघाला आणि छाननी अधिक कडक झाली.

खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि तो देणाऱ्या-घेणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. परंतु जिथे एकेकाळी दहांतील सहा जन्म नोंदलेच जात नव्हते, तिथे उशिराची नोंद मागणारा प्रत्येक जण लबाड कसा ठरेल? आदिवासी पाड्यावर घरी जन्मलेली बाई, अनाथालयात वाढलेला तरुण, ज्यांच्या नावाची वही पुरात वाहून गेली असे गावकरी, यांचा अर्ज आणि बनावट अर्ज एकाच तराजूत तोलले जाऊ नयेत. चौकशी जरूर व्हावी. तिला मुदत असावी, नकाराचे कारण लेखी मिळावे. २०२३ च्या दुरुस्तीने निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करण्याची आणि त्याचा ९० दिवसांत निकाल लागण्याची तरतूद केली आहे. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिली गेली पाहिजे.

नोंदणी आणि नागरिकाचे इतर हक्क एकमेकांत किती गुंतले आहेत, हे बिहारमध्येही दिसले. मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर १ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावे यादीत नव्हती. त्यांतील २२ लाखांहून अधिक मतदार मृत असल्याचे निवडणूक आयोगाने सांगितले. मृत व्यक्तींची नावे इतकी वर्षे यादीत राहिली, याचा अर्थ मृत्यूची नोंद आणि मतदारयादी यांच्यात संवादच नव्हता. दुसऱ्या बाजूला, जिवंत माणसांना मृत ठरवल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाला. त्यांत गोव्याचाही समावेश होता. अचूक नोंद लोकशाहीला बळ देते, चुकीची नोंद जिवंत माणसाचा आवाज हिरावून घेते. दोन्ही गोष्टी एकाच वहीतून घडतात.

माहिती कोणाच्या हाती?

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. जन्माची नोंद ही माणसाच्या आयुष्यातील सर्वांत पहिली आणि सर्वांत कोवळी माहिती. आई कोण, वडील कोण, दत्तक की औरस, हे सारे त्यात असते. १९६९ च्या कायद्याने याचे भान ठेवले होते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण उघड करू नये, अशी त्यात तरतूद आहे. आता माहितीचा संग्रह एकत्र होत असताना आणि ती अनेक खात्यांकडे जाऊ शकत असताना हे भान अधिक तीव्र व्हायला हवे. कोणत्या खात्याला कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ दिली, हे नागरिकाला कळले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांचे कर्तव्य

हा विषय केवळ सरकारी कचेरीचा आहे, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. कायद्याने काही जबाबदाऱ्या थेट आपल्यावर टाकल्या आहेत. दफनभूमीची देखभाल करणाऱ्याने मृत्यूची सूचना निबंधकाला देणे हे १९६९ च्या कायद्यानुसार त्याचे कर्तव्य आहे. वसतिगृहात जन्म किंवा मृत्यू घडला, तर तो कळवण्याची जबाबदारी तेथील प्रमुखाची, म्हणजे अनेक ठिकाणी आपल्या धर्मभगिनींची आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा जिथे लागू आहे, तिथे कॅथलिक विवाहांची नोंद महागुरूंनी ठरवलेल्या नमुन्यात व्हावी आणि तिचा गोषवारा दर तीन महिन्यांनी शासनाच्या महानिबंधकांकडे जावा, असे तो कायदा सांगतो. धर्मगुरू त्या नात्याने नागरी नोंदणीच्या साखळीतील एक कडी आहे.

भाविकांनीही काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. स्नानसंस्काराचा दाखला हा श्रद्धेच्या जीवनाचा पुरावा आहे आणि जुन्या पिढीच्या जन्मतारखेसाठी तो पूरक आधार ठरू शकतो. परंतु नव्या पिढीसाठी तो जन्मदाखल्याची जागा घेऊ शकत नाही. बाळाचे नाव जन्मनोंदीत एक, स्नानसंस्काराच्या वहीत दुसरे आणि शाळेत तिसरे, असा गोंधळ आपल्या समाजात फार आहे. आडनावाच्या स्पेलिंगात एका अक्षराचा फरक पडला, तरी पुढे परदेशी जाताना किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीत महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. नाव न घालता जन्माची नोंद झाली असेल, तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. म्हणून स्नानसंस्काराच्या अर्जासोबत जन्मदाखल्याची प्रत जोडावी आणि दोन्हीकडे नाव अक्षरशः एकच असावे.

धर्मग्रामांसाठी आमची सूचना साधी आहे. जुन्या वह्या वाळवी आणि पावसाळी ओलीपासून वाचवून त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. त्या वह्यांतील खासगी माहिती मागेल त्याच्या हाती देऊ नये. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहात एका व्यक्तीने वर्षभरातील जन्म-मृत्यूंकडे लक्ष ठेवावे आणि २१ दिवसांच्या आत नोंद झाली की नाही, याची विचारपूस करावी. ही विचारपूस केवळ आपल्या ख्रिस्ती घरांपुरती ठेवू नये. धर्मग्रामाच्या हद्दीतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराचे बाळही त्यात आले पाहिजे.

२०११ नंतर खोळंबलेली जनगणना आता होत आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरलेली आहे. गणती म्हटले, की ख्रिस्ती मनाला बेथलेहेमची वाट आठवते. सम्राटाच्या हुकुमाने योसेफ नोंदणीसाठी निघाला, दिवस भरलेली मरिया त्याच्या सोबतीला होती, आणि गावात त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. नोंदवहीत नाव लिहिण्याची सक्ती होती. प्रसूतीसाठी मात्र खोली नव्हती. शासनाने माणसांची मोजदाद करावी, ती नेटकी करावी, वेळेवर जाहीर करावी. पण ज्याचे नाव लिहिले जाते, त्याच्यासाठी शाळेत बाक, दवाखान्यात खाट आणि अखेरीस सन्मानाचा निरोपही असावा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गणतीत जे राहून गेले, ते आपल्या काळातील गणतीत तरी राहू नये.